मूळ दुखणं कुठे आहे? : फंक्शनल मेडिसिन आणि आपण



गेल्या काही वर्षांत आपल्या गप्पांमध्ये एक नवा शब्द शिरला आहे : फंक्शनल मेडिसिन. पॉटलकला, मराठी शाळेच्या फाटकाशी, गणपतीच्या तयारीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी सांगतं, "अगं, जीपी नुसती गोळी देतो. हे लोक मुळाशी जातात." मग कुणाची शुगर गेली, कुणाचा थकवा गेला आणि कुणाचे किती डॉलर गेले अशी चर्चा रंगते. शेवटचा भाग जरा हळू आवाजात!

फार्मसीच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे हा विषय दोन्ही बाजूंनी पाहिलेला आहे. मुळाशी जाण्याचा हा विचार नेमका काय आहे, त्यातलं आपल्या मराठी घरांसाठी खरोखर कामाचं काय आणि कुठे सांभाळून राहायचं, एवढं या लेखात पाहू या.

हे आहे तरी काय?

फंक्शनल मेडिसिन हे नाव रूढ केलं अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ जेफ्री ब्लँड यांनी, १९९० च्या सुमारास. १९९१ साली अमेरिकेत इन्स्टिट्यूट फॉर फंक्शनल मेडिसिन ही संस्था सुरू झाली आणि तिथून हा विचार सगळीकडे पसरला. म्हणणं थोडक्यात असं : आजाराला नाव देऊन त्या नावाची गोळी देण्यापेक्षा, शरीराचं कुठलं काम बिघडलंय आणि ते का बिघडलं ते शोधा. एकाच नावाच्या आजारामागे दोन माणसांत वेगवेगळी कारणं असू शकतात. उलट एकाच कारणातून डायबेटिस, ब्लडप्रेशर, फॅटी लिव्हर असे तीन-चार आजार निघू शकतात.

त्यासाठी ते पेशंटची जन्मापासूनची कहाणी काळानुसार मांडतात. त्यात तीन गोष्टी शोधतात. आधीपासून जमीन कशी होती, म्हणजे अनुवंश, आईचं पोषण, लहानपण. ठिणगी कशाने पडली, म्हणजे एखादं इन्फेक्शन, बाळंतपण, देश बदलणं, नोकरी जाणं. आणि आग आजही कशाने धुमसत राहते, म्हणजे झोप, खाणं, बैठं काम, काळजी. उपायही बहुतेक त्याच क्रमाने : आहार, हालचाल, झोप, ताण, नातीगोती, आणि त्यावर सप्लिमेंट.

हे वाचून आयुर्वेद जाणणाऱ्यांच्या ओठांवर हसू येईल. निदानपंचकात हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती असा क्रम आहेच, आणि 'निदानपरिवर्जन', म्हणजे आधी कारण दूर करा, हा तर चिकित्सेचा पहिला नियम. आजीने "काय खाल्लं होतंस काल?" असं विचारल्याशिवाय ओवा दिल्याचं मला तरी आठवत नाही. तेव्हा प्रश्न जुनाच आहे. पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये तो विचारायचा राहून जातो, आणि फंक्शनल मेडिसिनवाले तास-दीड तास बसून विचारतात, हे मात्र खरं. माणसाला आपलं कुणीतरी ऐकलं याचंच निम्मं बरं वाटतं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या नामांकित हॉस्पिटलने २०१४ मध्ये फंक्शनल मेडिसिनचा विभाग काढला. तिथल्या पेशंटांची तुलना नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाणाऱ्यांशी करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी फंक्शनल मेडिसिनच्या गटात तब्येतीत चांगली सुधारणा वाटणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. पण कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ज्याला मुळात बदल करायचाच आहे असा माणूस अशा क्लिनिककडे वळतो, हेही लक्षात घ्यायला हवं.

मूळ कारण सापडणं म्हणजे काय

मूळ कारण सापडलं असं कधी म्हणायचं, याचं उत्तम उदाहरण आपल्या इथलंच आहे. अल्सर का होतो? ताण, तिखट आणि ॲसिड, हे उत्तर जगभर पाठ होतं. १९७९ मध्ये पर्थच्या रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना पोटाच्या नमुन्यांत वाकडे जंतू दिसले. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल ते जंतू स्वतःच प्यायला! पोट बिघडलं, तपासणीत सूज आणि जंतू दोन्ही दिसले. पुढे अँटिबायोटिकने जंतू घालवले की अल्सर परत येत नाही, हेही सिद्ध झालं. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

इथे तीन पायऱ्या आहेत : कारण दिसलं, ते घातल्यावर दुखणं आलं, ते काढल्यावर दुखणं गेलं. कुणी "तुमचं मूळ कारण आतड्यात आहे" म्हणालं, तर यातल्या किती पायऱ्या त्याने चढल्या आहेत, असं मनात विचारून पाहावं.

डर्बीचे सात आठवडे

आता डायबेटिसकडे येऊ, कारण आपल्या समाजात मुळाशी जाण्याची सगळ्यात जास्त गरज याच आजारात आहे. इथेही ऑस्ट्रेलियाने जगाला एक फार मोठा धडा दिला आहे, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो.

१९८२ साली केरिन ओ'डी या पोषणशास्त्रज्ञ वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या डर्बीजवळच्या मोवांजुम वस्तीतल्या आदिवासी मंडळींबरोबर किंबर्लीच्या रानात गेल्या. त्यांतल्या दहा जणांना टाइप २ डायबेटिस होता. सरासरी वय चौपन्नच्या आसपास. वस्तीत त्यांचं खाणं म्हणजे मैदा, साखर, तांदूळ, चरबीयुक्त स्वस्त मांस, कोल्ड्रिंक. ही सगळी मंडळी सात आठवडे आपल्या पूर्वजांच्या मुलखात राहिली. आधी प्रवास, मग समुद्रकाठ, आणि शेवटचे साडेतीन आठवडे आत नदीकाठी. खाणं काय, तर मासे, शिंपल्या, कासव, कांगारू, पक्षी, रानकंद, अंजिरं, मध. जे मिळवलं तेच खाल्लं आणि मिळवण्यासाठी पायपीट केली. रोजचं खाणं साधारण १२०० कॅलरी भरलं. बरंचसं मांसाहारी, तरी चरबी अगदी कमी, कारण रानातल्या प्राण्याच्या अंगावर चरबी नसते.

सात आठवड्यांनी काय झालं? वजन सरासरी ८ किलो उतरलं. उपाशीपोटीची साखर ११.६ वरून ६.६ वर आली. भारतातल्या आकड्यांची सवय असलेल्यांसाठी : सुमारे २०९ वरून ११९. ट्रायग्लिसराइड ४ वरून १.२ च्या आसपास उतरलं. १९८४ मध्ये हा अभ्यास 'डायबेटिस' या नियतकालिकात छापून आला.

याचा अर्थ उद्यापासून कांगारू खा असा नाही! दहाच माणसं, सातच आठवडे आणि तुलनेला दुसरा गट नाही, या त्याच्या मर्यादा उघड आहेत. पण "डायबेटिस एकदा लागला की फक्त वाढतच जातो" या समजुतीला त्याने तडा दिला. आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या लोकांनी आपलं खाणं हौसेने सोडलेलं नव्हतं. जमीन गेली, भटकणं थांबलं, शिधा म्हणून पीठ-साखर हातात आली. ठिणगी कुठे पडली हे विचारायचं तर ते उत्तर एकट्या माणसाच्या ताटात सापडत नाही.

नदीकाठी राहायला जाणं आपल्याला शक्य नाही. हाच परिणाम दवाखान्यातून मिळवता येतो का, याचं उत्तर २०१७ मध्ये ब्रिटनच्या 'डायरेक्ट' या अभ्यासाने दिलं. डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने सुमारे ८५० कॅलरींचं शेक आणि सूप दिलं, डायबेटिसच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवल्या, आणि मग हळूहळू नेहमीचं अन्न सुरू केलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. म्हणजे वजन परत आलं की साखरही परत येते. म्हणून डॉक्टर 'बरा झाला' म्हणत नाहीत, 'रिमिशन' म्हणतात : निदान तीन महिने औषधाविना एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली.

"पण आम्ही कुठे जाड आहोत?"

हे वाक्य काउंटरवर मी शेकड्यांनी ऐकलं असेल. त्याचं उत्तर मिळालं पुण्यात.

केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. बाळ लहान, हे दिसतच होतं. पण नीट मोजमाप केल्यावर ध्यानात आलं, की आपल्या बाळाचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी पडले होते, चरबी मात्र जवळजवळ इंग्लिश बाळाइतकीच टिकून होती! बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं बाळ. पुढे खाणं वाढलं, हालचाल घटली, की कमी स्नायूंच्या या शरीराला साखर जिरवायला जागा पुरत नाही.

याच याज्ञिकांचा एक गमतीदार फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शेजारी उभे होते इंग्लिश डॉक्टर जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांनाही पास करत होता!

मग बारीक माणसाला वजन घटवून काही फायदा? होतो. इंग्लंडमधल्या 'रीट्यून' या छोट्या अभ्यासात बीएमआय २७ च्या खाली असलेले २० डायबेटिक होते. साधारण दहा टक्के वजन उतरवल्यावर त्यातल्या १४ जणांना रिमिशन मिळालं. लिव्हर आणि पॅन्क्रियासमध्ये साठलेली थोडीशी चरबीच त्यांना भोवत होती.

आता आपली टाइमलाइन मांडून पाहा. आजीचं पोषण बेताचं. आईचा उपासतापास. आपलं बालपण सायकलवर गेलं. मग पंचविशी-तिशीत मेलबर्न नाहीतर सिडनी : गाडीशिवाय दूध आणता येत नाही, दिवसभर स्क्रीनसमोर, ऑफिसचा लंच आणि रात्री साडेआठला पुन्हा पोळी-भाजी-वरण-भात. शनिवारी एकाकडे, रविवारी दुसऱ्याकडे. जमीन तीच, ठिणगी विमानतळावर पडली म्हणा ना! हे समजून घ्यायला कुठलीही महाग तपासणी लागत नाही.

लागते ती शिवणाची टेप. सकाळी, श्वास सहज सोडून, बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायचं. पोट आत ओढायचं नाही. टेपला फसवून काय मिळणार? आपल्या वंशाच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची खूण आहे. बीएमआयच्या बाबतीतही आशियाई लोकांसाठी २३ पासून धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सांगितलं. इथल्या पोस्टरवर दिसणारा २५ चा आकडा आपल्यासाठी फार सैल आहे.

ऑस्ट्रेलियात 'ऑसड्रिस्क' नावाची एक फुकट प्रश्नावली आहे. एक उदाहरण घेऊ. पुरुष, वय ४६, जन्म भारतात, वडिलांना डायबेटिस, कंबर ९२ सेंटीमीटर. वयाचे ४ गुण, पुरुष असल्याचे ३, जन्मदेशाचे २, वडिलांचे ३, कमरेचे ४. झाले १६. बाकी सगळं उत्तम आहे असं धरलं तरीही १६ ते १९ च्या गटातल्या साधारण सात जणांपैकी एकाला पुढच्या पाच वर्षांत डायबेटिस होतो. १२ आणि त्यापुढे जास्त धोका मानतात. हे गृहस्थ कुणाच्याही नजरेला जाड दिसणार नाहीत!

बी-१२ ची गोष्ट

पुण्याच्याच अभ्यासात दुसरी महत्त्वाची गोष्ट पुढे आली. साठ टक्क्यांहून जास्त गरोदर बायांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट मात्र भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त दिसली. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

इथे याचा संबंध असा, की २००९ पासून ऑस्ट्रेलियात ब्रेडच्या पिठात फोलिक ॲसिड घालणं सक्तीचं आहे, बी-१२ घालणं नाही. गैरसमज नको : गरोदरपणात फोलिक ॲसिड घ्यायचंच, त्याने बाळाच्या मणक्याचे दोष टळतात. पण शाकाहारी सुनेचं किंवा मुलीचं बी-१२ आधी तपासून घ्या, एवढंच सांगणं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही बी-१२ उतरतं. पायाला मुंग्या येतात, आपण म्हणतो डायबेटिसच्या नसा. कधीकधी ते बी-१२ असतं आणि स्वस्तात भरून निघतं.

व्हिटॅमिन डीचं थोडक्यात. सावळ्या त्वचेला ते तयार करायला जास्त ऊन लागतं आणि मेलबर्न-होबार्टचा हिवाळा आपल्याला ठाऊकच आहे. २०१४ पासून मेडिकेअर ही तपासणी सरसकट देत नाही, ठराविक कारणं असावी लागतात. पण गडद वर्ण हे त्यातलंच एक कारण आहे. जीपीला आठवण करून द्यायला हरकत नाही.

कुठे सांभाळायचं

'फंक्शनल मेडिसिन' ही ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त स्पेशालिटी नाही. ते नाव रजिस्टर्ड डॉक्टरही लावू शकतो आणि दोन महिन्यांचा कोर्स केलेला माणूसही. समोरचा माणूस डॉक्टर आहे का, हे आप्राच्या रजिस्टरवर मिनिटभरात पाहता येतं. आहारतज्ज्ञ असेल तर 'अॅक्रेडिटेड प्रॅक्टिसिंग डायेटिशियन' हे शब्द शोधा.

दुसरी गोष्ट तपासण्यांची. रक्त परदेशी पाठवून शंभर पदार्थांची 'ॲलर्जी' सांगणाऱ्या आयजीजी टेस्टची शिफारस इथल्या ॲलर्जीतज्ज्ञांची संस्था करत नाही. एखादा पदार्थ आपण खातो, एवढंच पुष्कळदा त्यातून कळतं. अशा रिपोर्टवरून दूध, गहू, डाळी सगळं बंद केलेल्या माझ्या ओळखीच्या एक बाई आधीच बारीक होत्या, त्या आणखी खंगल्या. शाकाहारी ताटातून डाळ आणि दूध काढलं तर प्रथिनं उरतात कुठे?

सप्लिमेंटच्या बाटलीवर 'ऑस्ट एल' किंवा 'ऑस्ट आर' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. 'एल' म्हणजे घटक कमी धोक्याचे म्हणून नोंदवले, पण ते काम करतं का याची सरकारने विक्रीआधी तपासणी केलेली नाही. 'आर' म्हणजे तपासणी झाली. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असंही नाही. बी-६ दोन-तीन बाटल्यांतून नकळत जास्त पोटात जातं आणि त्याने नसा खराब होतात; केसांसाठी घेतलेलं बायोटिन थायरॉईडचा रिपोर्ट चुकवतं. गावाकडून आणलेल्या काही रसौषधींत शिसं सापडल्याचे इशारे इथल्या आरोग्य खात्यांनी दिले आहेत. आयुर्वेदावर माझी श्रद्धा आहे, पण बिनलेबलच्या पुडीवर नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हे जरा नीट वाचा.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून मांडलेली दोनदाच जेवण्याची, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवण्याची पद्धत घरोघर पोचली आहे. कित्येकांचं वजन तिने उतरलं. त्याशिवाय आपले उपास आहेतच : संकष्टी, एकादशी, नवरात्र. आणि आता लो-कार्ब. खाणं एकदम कमी केलं आणि गोळ्या तशाच चालू राहिल्या, तर दोन प्रकारे जिवावर बेतू शकतं.

पहिला प्रकार ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांचा आणि इन्सुलिनचा. या गोष्टी तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाहीत, साखर पाडतातच. भारतातून येणाऱ्या आई-बाबांच्या 'मेटफॉर्मिन'च्या पाकिटात पुष्कळदा ग्लिमेपिराइड मिसळलेलं असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. बाबांना घाम फुटला, हात थरथरले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागले, तर आधी तोंडात साखर.

दुसरा प्रकार एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिनचा, म्हणजे इथे जार्डियन्स आणि फॉर्क्सिगा. गोळ्या चांगल्या आहेत, हृदय आणि किडनी सांभाळतात. पण त्यांच्यावर असताना कडक उपास किंवा अगदी लो-कार्ब केलं तर रक्तात आम्ल साठून कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि गंमत म्हणजे साखर तेव्हा फारशी वाढलेली दिसतच नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप असं काही दिसलं तर "ॲसिडिटी झाली असेल" म्हणून घरी बसू नका. ट्रिपल झिरोला फोन करा आणि गोळीचं नाव सांगा. ऑपरेशनच्या आधीही ही गोळी कधी बंद करायची ते विचारून घ्यावं लागतं.

म्हणून क्रम असा हवा : खाणं बदलण्याच्या आधी डॉक्टरांची भेट, नंतर नाही. 'डायरेक्ट'मध्येही गोळ्या बंद करायचं काम डॉक्टरांनीच केलं होतं. आणि टाइप १ डायबेटिसचं इन्सुलिन, ग्रंथीच काढून टाकली असेल तर थायरॉईडची गोळी, या गोष्टी कुठल्याही आहाराने सुटत नाहीत. कुणी सुटतील म्हणालं तर तिथून सरळ उठून या.

जीपीकडे जाताना

एका कागदावर स्वतःची टाइमलाइन लिहा, एकाच पानावर. जन्माचं वजन माहीत असेल तर ते. आई-वडील, भावंडं यांचे आजार आणि ते कोणत्या वयात झाले. बायकांनी गरोदरपणातली साखर आवर्जून लिहावी, कारण बाळंतपणानंतर ती सगळेच विसरतात. ऑस्ट्रेलियात आलो त्या वर्षीचं वजन आणि आजचं. कंबर सेंटीमीटरमध्ये. झोप किती तास, घोरणं आहे का. सगळ्या गोळ्या, पुड्या, चूर्णं आणि सप्लिमेंट. लाजू नका, डॉक्टरांना ते कळायलाच हवं. ऑसड्रिस्कचे गुण.

बुकिंग करताना 'लाँग अपॉइंटमेंट' मागा. पंधरा मिनिटांत मूळ सापडत नाही ही तक्रार निम्मी तिथेच मिटते. एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी, शाकाहारी किंवा मेटफॉर्मिनवर असाल तर बी-१२, एवढ्याबद्दल विचारा. एचबीएवनसी ६.० ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून डायबेटिस. डायबेटिस असेल तर जीपी 'क्रॉनिक कंडिशन मॅनेजमेंट प्लॅन' करून देऊ शकतात. जुलै २०२५ पासून जुन्या प्लॅनच्या जागी हा आला. त्यावर वर्षाला पाच वेळा डायेटिशियन, फिजिओ, पोडायट्रिस्ट अशांकडे मेडिकेअरचा रिबेट मिळतो, वरचा फरक कधी आपल्याला भरावा लागतो. पाचही भेटी वेगवेगळ्या लोकांकडे वाटून टाकण्यापेक्षा तीन तरी डायेटिशियनकडे घाला. भाकरी, पोहे, साबुदाणा म्हणजे काय ते पहिल्या भेटीत समजावण्यातच वेळ जातो, खरं काम दुसऱ्या भेटीपासून सुरू होतं. जाताना घरची वाटी आणि आमटीचा डाव बरोबर न्या. "एक वाटी भात" म्हणजे प्रत्येक घरात वेगळा असतो.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मेडिकेअर नसतं. त्यांच्यासाठी निघण्यापूर्वी भारतातच एचबीएवनसी, किडनी आणि बी-१२ करून रिपोर्ट बरोबर आणायला सांगा. इथलं ग्लुकोमीटर मिलिमोलमध्ये आकडा दाखवतं. त्याला १८ ने गुणलं की भारतातला आकडा मिळतो. "साखर सात आली" ऐकून आमच्या शेजारच्या एक आजी घाबरून दोन दिवस जेवल्या नव्हत्या. सात गुणिले अठरा म्हणजे १२६, हे नातवाने कागदावर करून दाखवलं तेव्हा कुठे ताटावर बसल्या.